एका पायाचा मोर

शेंगदाणे भाजत असताना सगुणा फोन घेत नसे. मग तो गावाकडून भावाचा असो, लेकीच्या शाळेतला असो, नाहीतर बलदियाच्या, म्हणजे तिथल्या नगरपालिकेच्या, तपासनिसाचा असो. अल ऐनच्या सनय्यात, म्हणजे औद्योगिक वसाहतीत, गॅरेजं आणि टायरच्या दुकानांच्या रांगेत, तिचं एका मोठ्या खोलीचं चटणीचं स्वयंपाकघर होतं. बाहेर जुलैचं ऊन पत्र्यावर चढलेलं, आत कढईखाली गॅस फरफरतोय, आणि ती दोन्ही हातांनी उलथनं धरून दाणे खालीवर करतेय. अशा वेळी तिच्या नवऱ्याने, महादूने, फोन तिच्या कानाला लावला. तिने त्याच्याकडे अशी नजर टाकली की त्याने हात होता तितका लांब केला आणि अंग मागे घेतलं.

फोन स्मिताचा होता. दुबईत ऊद मेथाला तिचं किराणा दुकान होतं आणि सगुणाची चटणी तिच्याकडे पहिल्या दिवसापासून जात होती.

"सगुणाताई, रागावू नका हं. पण ह्या खेपेची चटणी खवट निघाली."

"कुणाची?"

"तुमचीच. दोघी-तिघींनी पाकिटं परत आणून दिली. एकजण तर म्हणाली, लंगड्या मोरावर आता काही भरवसा नाही राहिला."

सगुणाने गॅस बंद केला. कढईत अर्धे कच्चे दाणे असताना तिने गॅस बंद केलेला महादूने आजवर पाहिला नव्हता. त्याने घाबरून विचारलं, "गावाकडं कोन गेलं का?"

"म्या गेले," ती म्हणाली. "माझी चटणी खवट म्हनत्यात."

पाकिटावर नाव होतं 'सगुणा शेंगा चटणी'. पण ते नाव कोणी घेत नसे. नावाच्या वर एक मोर होता आणि त्या मोराला एकच पाय होता. त्यामुळे दुबईपासून शारजापर्यंतची मराठी गिऱ्हाइकं सरळ 'लंगडा मोर' मागायची. साइटवर काम करणारी सोलापूरकडची पोरं तर दुकानात शिरता शिरताच ओरडायची, "शेठ, एक लंगडा द्या!" महादूला याचं फार हसू यायचं. सगुणाला यायचं नाही, पण पाकिटं खपायची म्हणून ती गप्प बसायची.

महादू त्याच दिवशी गाडी काढून दुबईला गेला आणि स्मिताकडून ते परत आलेलं पाकीट घेऊन आला. सगुणाने ते ताटात ओतलं. पिठासारखी बारीक, यंत्रावर दळलेली चटणी. लसूण नावाला. तेलाला जुना वास. तिने चिमूट जिभेवर ठेवली आणि मोरीत जाऊन थुंकली.

"ही माझी न्हाई."

"आगं पर मोर तर आपलाच हाय," महादू पाकीट उलटंपालटं करत म्हणाला. मग मागची बारीक अक्षरं वाचून तो खाली बसला. पत्ता धनंजयच्या कंपनीचा होता.

धनंजय म्हणजे त्यांचा वितरक. गेली कित्येक वर्षं याच माणसाची पांढरी गाडी दर आठवड्याला सनय्यात यायची, पाकिटांची खोकी भरायची आणि दुकानादुकानांतून वाटायची. घरात येऊन जेवलेला माणूस. सगुणाला वहिनी म्हणणारा. उन्हाळ्याच्या तोंडावर त्याने माल उचलायचं बंद केलं होतं. "मार्केट स्लो आहे, वहिनी," म्हणाला होता, आणि ह्या दोघांनी बिचाऱ्याचा धंदा मंदावला म्हणून हळहळ केली होती!

महादूने फोन लावला. धनंजय अगदी गोड बोलला. "दादा, हा बिझनेस आहे. पर्सनल घेऊ नका. मोर हा माझ्या कंपनीचा ब्रँड आहे, तुम्ही माझ्यासाठी माल बनवत होता. ट्रेडमार्कचं ॲप्लिकेशन पण टाकलंय मी. ते झालं ना, की तुम्हाला मोर वापरता येणार नाही. तुम्ही दुसरं काहीतरी घ्या. हत्ती घ्या, हत्ती छान दिसतो."

"हत्ती घ्या म्हनतोय," महादूने फोन ठेवून सांगितलं.

सगुणाने कढईखाली पुन्हा गॅस पेटवला. त्या दिवशी तिने दाणे असे हलवले की शेजारच्या गॅरेजातला पठाण मिस्त्री दारात येऊन बघून गेला.

दोन दिवसांनी शर्वाणीच्या ऑफिसात सगळं कुटुंब जाऊन बसलं. दुबई सिलिकॉन ओएसिसमध्ये उंच काचेच्या इमारतीत ट्रेडमार्कची कामं करणारी ही मराठी वकील स्मिताच्या ओळखीची होती. ऑफिसातला एसी इतका गार की महादूने खिशातला रुमाल काढून गळ्याला गुंडाळला. सगुणा पूर्ण बाहीच्या ब्लाउजात ताठ बसली होती. मनगटापर्यंत बाह्या. भट्टीपुढेही ती असेच ब्लाउज घालायची, घामाने बाह्या ओल्या होऊन हाताला चिकटायच्या, आणि महादू सांगून सांगून थकला होता. सुट्टी होती म्हणून अकरावीतली लेक पर्णिकाही बरोबर आली होती, मोबाइलमध्ये डोकं घालून.

"काका, काकू, पोझिशन अशी आहे," शर्वाणी म्हणाली. "मार्क तुम्ही रजिस्टर केला नाही. त्यांनी आधी ॲप्लाय केलं. पण अजून वेळ गेलेली नाही, आपण हरकत घेऊ शकतो. चित्र मुळात तुमचं आहे आणि त्यांना ते माहीत होतं, एवढं दाखवता आलं पाहिजे."

"इतकी वर्सं पाकिटावर हाय की!" महादू म्हणाला.

"हो, पण ती पाकिटं त्यांच्याच गाडीतून गेली ना? ते म्हणतात मोर माझा, ह्यांना मी छापायला दिला. डिझायनरचं लेटर पण लावलंय. तेव्हा मला एकच सांगा, काका. हे चित्र पहिल्यांदा काढलं कोणी?"

महादूने पिशवीतून लाकडी छापा काढून टेबलावर ठेवला. तो जातीचा सुतार. आधी साइटवर शटरिंगचं काम करायचा, तिथल्या सागवानी दाराच्या उरलेल्या तुकड्यात त्याने हा मोर कोरला होता. सुरुवातीची पाकिटं त्या छाप्यानेच उठवलेली.

"ब्यूटिफुल आहे," शर्वाणी छापा फिरवत म्हणाली. "पण ते म्हणतील, चित्र आम्ही दिलं आणि ह्यांनी कोरलं. किंवा छापा परवाच कोरला. तुम्ही कुठे बघून कोरलात? एखादं देऊळ, साडीचा काठ, काही?"

महादूने सगुणाकडे पाहिलं. सगुणाने छताकडे पाहिलं.

"मनातनं," तो म्हणाला.

"मनातून एका पायाचा मोर?"

"व्हय. म्हणजे... दुसरा पाय सुचला न्हाई."

शर्वाणीने पेन खाली ठेवलं. एवढा जाणता माणूस, सागवानात पीस न् पीस कोरणारा, आणि पाय सुचला नाही म्हणतो. महादूच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. बायकोने घातलेली शपथ मोडायची नाही म्हणून तो परक्या पोरीपुढे बावळट ठरत होता, आणि सगुणा ते बघत बसली होती.

"आणि हरलो तर?" तिने विचारलं.

"तर मोर त्यांचा. तुम्ही वापरलात तर उलट तुमच्यावर केस. आणि लोक लंगडा मोर म्हणून त्यांची चटणी खात राहणार."

"ती खवट?"

"तीच."

गाडी परत अल ऐनच्या रस्त्याला लागली. दोन्ही बाजूंना लाल वाळू पसरलेली, वाऱ्याने तिचे पट्टे रस्त्यावर येत होते. मागच्या सीटवरून पर्णिका म्हणाली, "आई, व्हाय डिडन्ट यू टेल हर? इट्स ऑन युअर आर्म!"

"म्या कायबी बोललो न्हाई हां," महादूने लगेच हात झटकले आणि पुन्हा स्टिअरिंगवर ठेवले.

"बोलायचं न्हाई आन् बोलू द्यायचं न्हाई," सगुणा म्हणाली. "त्या काचंच्या हापिसात हात उघडा टाकून बसू? लोक काय म्हनतील, कुठल्या रानातनं आल्यात ही?"

"सो व्हॉट?"

"सो वॉट म्हनं! तू चौथीत हुतीस. तुझ्या शाळंत मीटिंग हुती. त्या गोऱ्या बाईनं सगळ्यांदेखत विचारलं, हातावर हिरवं काय हाय, लागट रोग तर न्हाई? आन् तू माझा पदर वढलास आन् माझ्या हातावर टाकलास."

पर्णिकाने मोबाइल मांडीवर ठेवला. "आय डोन्ट रिमेंबर धिस."

"माझ्या ध्यानात हाय," सगुणा म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. "दुसऱ्या दिशी जाऊन पुऱ्या बाहीचं चार ब्लाउज शिवून आनलं."

पर्णिका खिडकीकडे वळली. लहानपणी झोपताना ती आईच्या त्याच हातावरून बोट फिरवायची, मोराच्या तुऱ्यापासून शेपटीपर्यंत, आणि दर वेळी विचारायची की दुसरा पाय कुठे गेला. आईने बाह्या का वाढवल्या हे तिने कधी विचारलंच नव्हतं. तिला आता रडू येत होतं, आणि आरशातून बाबा बघतोय म्हणून ती ते दाबत होती.

काम थांबवून चालणार नव्हतं. धनंजयने दुबईची दुकानं अडवली तरी अल ऐनमधली घरगुती गिऱ्हाइकं होतीच, ती स्वतः गाडी घेऊन सनय्यात यायची. सगुणा पहाटे यायची. दाणे भाजले की निवू द्यायचे, मग गोणपाटावर चोळायचे, मग मागच्या उघड्या जागेत सुपाने पाखडायचे. वाऱ्याची दिशा रोज वेगळी. एका सकाळी तिने तोंड फिरवून पाखडायला सुरुवात केली आणि सगळी लाल टरफलं भिंतीवरून उडून पठाणाने नुकत्याच धुतलेल्या गाडीवर जाऊन बसली.

"ओ खाला!" भिंतीपलीकडून आवाज आला. "गाडी को दुल्हा बना दिया आप ने!"

"हवा को बोलो भाई, मेरे को नहीं!"

"हवा सुनती नहीं, खाला. आप भी नहीं सुनती!"

सगुणा हसली. कितीतरी दिवसांनी हसली. मग सूप ठेवून तिने उखळाशी बसकण मारली. उखळ लोखंडी, मुसळ महादूने घडवलेलं, खाली लोखंडी कडं बसवलेलं. दाणे, तिखट, लसूण, जिरं, मीठ. यंत्र घ्या म्हणून तिला कितीजणांनी सांगितलं होतं. पण यंत्रात दाणा दळला जातो, उखळात तो कुटला जातो आणि आपलं तेल स्वतः सोडतो, हे तिला हातांनी माहीत होतं. मुसळ वर जायचं, खाली यायचं, आणि हाताचे स्नायू बाहीच्या आत हलायचे. आत त्या बाहीखाली मोरही हलत असणार. तिला वाटायचं, आपण कुटतोय ते आपल्यासाठी की त्या धनंजयासाठी? तरी हात थांबत नव्हता.

"बाह्या तरी सार," महादू म्हणाला. "हितं कोन हाय बघायला?"

"पठान हाय."

"त्यानं बगितलं तर काय मोर उडून जाईल?"

"तुमचं तोंड बंद ठिवा आन् लसूण सोला."

महादूने तोंड बंद ठेवलं आणि लसूण सोलला. तो उत्तम सोलायचा.

सुनावणीच्या दिवशी महादूने लग्नकार्यातला शर्ट घातला. सगुणा सगळ्यांत चांगली साडी नेसली आणि तिच्यावर जांभळा, मनगटापर्यंत बाह्यांचा ब्लाउज.

खोली लहान होती. टेबलापलीकडे काळ्या पायघोळ अबायातली अमिराती अधिकारी बसली होती, वयाने सगुणाएवढीच, हातात मोठी अंगठी. तिच्याशेजारी जहांआरा नावाची हैदराबादची दुभाषी. एका बाजूला धनंजय आणि त्याचा वकील, दुसऱ्या बाजूला शर्वाणी आणि हे तिघे. धनंजयने सगुणाला हात जोडून नमस्कार केला. सगुणाने सवयीने केला आणि मग तो का केला म्हणून स्वतःवरच चिडली.

धनंजयच्या वकिलाने मोराचं मोठं रंगीत चित्र उभं केलं. डिझायनरचं पत्र, कंपनीची कागदं, सगळं नीट. शर्वाणीने छापा पुढे केला. अपेक्षेप्रमाणेच समोरच्या वकिलाने सांगितलं की छापा आमच्याच चित्रावरून कोरलेला आहे.

अधिकारी बाईंनी चित्र जवळ घेतलं. मग काहीतरी विचारलं. जहांआराने हिंदीत सांगितलं, "मॅडम पूछ रही हैं, इस मोर का एक ही पाँव क्यों है?"

धनंजय हसला. उत्तर तयार होतं. "मॅडम, मोर नाचता है तो एक पाँव उठाता है. ये आर्टिस्टिक टच है. हमारे डिझायनर का आयडिया."

जहांआराने ते अरबीत सांगितलं. अधिकारी बाईंनी मान हलवली आणि लिहायला पेन उचललं.

"उचललेला न्हाई त्यो," सगुणा म्हणाली.

सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं. तिलाही कळलं नाही की ती केव्हा बोलली. चोरी सहन झाली असती एखाद्या वेळेस. पण जो पाय राहिला त्याला हा माणूस नाचतोय म्हणत होता!

"जी?" जहांआराने विचारलं.

"पाँव उठाया नहीं. रह गया. निकालने का रह गया."

"कैसे रह गया?"

"मैं भाग गयी."

जहांआरा थांबली. हे अरबीत कसं सांगायचं असा प्रश्न तिच्या चेहऱ्यावर दिसत होता. महादूने डोळे मिटून घेतले. सगुणा उठली आणि उजव्या बाहीचं बटण काढायला लागली. बटण निघालं, पण बाही वर सरकेना. इतकी वर्षं मुसळ मारून हात भरला होता आणि शिंप्याने माप जुनंच धरलं होतं. तिने एकदा ओढली, दोनदा ओढली, आणि तिसऱ्यांदा असा हिसका दिला की शिवण कोपरापर्यंत टर्रकन फाटली.

आणि फाटल्याबरोबर तिचा डावा हात आपोआप पदराकडे गेला. पदर उजव्या हातावर आला. सगुणा तशीच उभी राहिली. पुढचं पाऊल तिच्याने टाकवेना.

पर्णिका खुर्चीतून उठली. तिने आईच्या हातावरचा पदर धरला आणि बाजूला केला. नीट, हळू, खांद्यावर नेऊन ठेवला. मग आईचा हात स्वतःच्या दोन्ही हातांत घेऊन टेबलावर, त्या रंगीत चित्राशेजारी ठेवला.

कोपराच्या खाली, सावळ्या कातडीवर हिरवा मोर होता. तुऱ्याचे तीन ठिपके. वळलेली मान. पिसांच्या रेघा. आणि एकच पाय.

"माय मॉम वॉज सेव्हन," पर्णिका अधिकारी बाईंकडे बघून इंग्रजीत बोलायला लागली, आणि एकदा सुरू झाल्यावर थांबली नाही. मोहोळच्या बाजूला आजोळचं गाव. जत्रा झाली की गोंदणारीण दारोदार यायची. आजीने सगुणाला धरून बसवलं, कारण मरताना सगळं इथेच राहतं, गोंदण तेवढं बरोबर येतं असं आजी म्हणायची. गोंदणारीण गाणं म्हणत सुई टोचत होती. तुऱ्याच्या मधल्या ठिपक्याला आई पहिल्यांदा कळवळली आणि हात हलला, म्हणून तो ठिपका मोठा झाला. एका पायापर्यंत तिने कसंबसं सोसलं. दुसऱ्या पायाला सुई टेकली तेव्हा ती हिसडा मारून पळाली आणि दिवस मावळेपर्यंत कडब्याच्या गंजीत लपून बसली. गोंदणारणीने ज्वारी घेतली आणि पुढच्या वर्षी पाय काढते म्हणून गेली. ती पुन्हा आली नाही.

"बाबा कॉपीड इट फ्रॉम हर आर्म," पर्णिका म्हणाली. "अँड शी हिड इट बिकॉज ऑफ मी."

अधिकारी बाईंनी चष्मा लावला. एकदा हात बघितला, एकदा चित्र. मग बोट चित्रातल्या तुऱ्यावर ठेवून त्यांनी धनंजयला थेट इंग्रजीतच विचारलं, "मधला ठिपका मोठा का आहे? हाही आर्टिस्टिक टच?"

धनंजयने चित्राकडे पाहिलं. इतकी वर्षं पाकिटं उचलूनही तो ठिपका त्याने कधी बघितलाच नव्हता. त्याच्या डिझायनरने मात्र तो इमानदारीत जसाच्या तसा उतरवला होता.

"गोंदण नवंही असू शकतं," त्याचा वकील म्हणाला. "पाकीट बघून काढलेलं."

अधिकारी बाईंनी सगुणाची परवानगी विचारली आणि बोटाच्या टोकाने मोराला हात लावला. रेघा पसरलेल्या, कडा विरलेल्या, कातडीबरोबर वाढलेल्या आणि कातडीबरोबर सुरकुतलेल्या. त्या जहांआराकडे वळून काही बोलल्या आणि पहिल्यांदाच हसल्या.

"मॅडम कह रही हैं," जहांआराही हसत होती, "मेरी दादी की ठोड़ी पर तीन निशान थे. ऐसे ही हरे. बचपन में मैं गिनती थी. नया निशान ऐसा नहीं होता."

"दादी भागी नहीं?" सगुणाने विचारलं.

जहांआराने ते सांगितलं. अधिकारी बाईंना इतकं हसू आलं की त्यांना चष्मा काढावा लागला. "नहीं भागी. दादी बहुत सख्त थी."

"मेरी माँ भी थी. मैं ही हलकट थी," सगुणा म्हणाली, आणि मग महादू हसला, शर्वाणी हसली, आणि धनंजयच्या वकिलानेही कागद आवरता आवरता मान खाली घालून हसून घेतलं.

शर्वाणीने मोरासाठी सगुणाच्या नावाने अर्ज टाकला आणि फाइलला हाताचा फोटो लागला. तिने लग्नातला जुना फोटोही मागवून घेतला. त्यात मुंडावळ्या बांधलेली सगुणा होती आणि हिरव्या चुड्याच्या वर तो मोर स्पष्ट दिसत होता. त्या दिवशी गाडीत बसल्यावर फाटक्या बाहीकडे बघून महादू म्हणाला, "जांभळं ब्लाउज गेलं तुझं."

"जाऊ द्या," सगुणा म्हणाली. खिडकीची काच खाली करून तिने तो हात बाहेर काढला. गरम वारा थेट कातडीला लागला. तिला ते इतकं बरं वाटलं की अल ऐन येईपर्यंत तिने हात आत घेतला नाही.

निकाल लगेच आला नाही. ताज्या खजुराचा मोसम संपला, उन्हाचा जोर ओसरला, आणि मग एका सकाळी शर्वाणीचा फोन आला. सगुणा तेव्हा दाणे भाजत होती. महादूने हात लांब करून फोन तिच्या कानाला लावला आणि मागे सरकला.

"काकू, झालं! त्यांचा अर्ज फेटाळला. आपलं रजिस्ट्रेशन झालं. त्यांची पाकिटं दुकानांतून काढून घ्यायला लावलीत."

"बरं बरं. दाणं करपतील, मागनं बोलते," सगुणा म्हणाली. पण उलथनं हलवता हलवता ती रडत होती आणि हसत होती, आणि महादूला आधी काय पुसावं ते कळेना. त्याने तिचा घाम पुसला. मग पळत जाऊन भिंतीवरून ओरडला, "पठानभाई! मोर हमारा! खलास!"

"मुबारक!" पलीकडून पठाण ओरडला, आणि त्याने गॅरेजात उभ्या असलेल्या तीनही गाड्यांचे हॉर्न वाजवले.

त्याच आठवड्यात ती ओळखीची पांढरी गाडी दारात येऊन थांबली. धनंजय उतरला, पण आत यायचं धाडस होईना. उंबऱ्याबाहेर चपलांशी उभा राहिला. सगुणा अर्ध्या बाहीच्या ब्लाउजात उखळाशी बसली होती.

"वहिनी, चुकलो," तो म्हणाला. "माल परत उचलू का? तुम्ही म्हणाल तसं."

मुसळ तीनदा वर गेलं, तीनदा खाली आलं.

"गाडी तुमची, मोर माझा," सगुणा म्हणाली. "शर्वाणीताई लिहून दील. त्यावर सही करा आन् मग उचला."

"करतो." तो घुटमळला. "आणि दोन पाकिटं आत्ता मिळतील का? आईला गावी पाठवायचीत. आमची पाठवली होती, तिने शेजारणीला देऊन टाकली."

महादू दुसरीकडे बघून खोकला. सगुणाने पदराला हात पुसले, फळीवरची दोन पाकिटं काढली आणि धनंजयच्या हातात ठेवली.

"मोराचे पाय मोजून घ्या," ती म्हणाली. "एक असंल तरच खरी."

"आन् आत या. च्या घेऊन जा," महादूने चपलांकडे बघत सांगितलं. धनंजय आत आला.

त्या शुक्रवारी घरी सगुणा गॅलरीत पाय पसरून बसली होती. हवेत गारवा आला होता. पर्णिका शेजारी येऊन बसली, आईचा हात मांडीवर घेतला आणि लहानपणीसारखं तुऱ्यापासून शेपटीपर्यंत बोट फिरवलं. मग कंपासपेटीतून हिरवं पेन काढून तिने टोपण उघडलं.

"आई, वेट. मी ह्याला दुसरा पाय काढते. फायनली!"

सगुणाने हात असा हिसडला, जसा त्या दिवशी गावात हिसडला होता.

"खबरदार!" ती म्हणाली. "सरकारी शिक्का बसलाय त्येच्यावर. आता पाय काढलास तर त्यो खोटा ठरंल."